डाव्या हाताचा पीळ

मंगळवार, दिवेलागण

तो तमिळ सिनेमा आज मोबाईलवर आला. तीन वर्षांपूर्वी आमच्या भिवपुरीच्या खाचरात त्याचं शूटिंग झालं. हिरोला भाताचा भारा बांधता येईना, म्हणून तेवढ्यापुरते ह्यांचे हात घेतले होते. तोंड नाही, नुसते हात. पुढच्या पावसाळ्यात हे गेले. ते हात ठेवले असतील की कापले असतील, एवढंच मला बघायचं होतं.

शेजारी सून, सुप्रिया. यंदाच लग्न होऊन आली, ह्यांना तिनं पाहिलेलंच नाही. खाली इंग्रजी अक्षरं पळत होती. मी आपली आपण वाचायला शिकले, पण मराठीच.

दीड तासानं भारा आला. पेंढ्याचा बंध, डाव्या हातानं पीळ, टोक आत. हे डावखुरे.

"हात लावला की काम सरळ, असा हाय हिरो," सुप्रिया म्हणाली.

"तुझ्या सासऱ्यांचे हात हायत गं ते."

तिनं थांबवलं, मागं नेलं. मग म्हणाली, "आई, पण हिरोनं विळा उजव्या हातात धरलेला."

खरंच की. माझ्या हे ध्यानातच आलं नव्हतं. तिकडे मद्रासकडे कुणाच्या ध्यानात आलं असेल का? भारे बांधणारी एखादी बाई थेटरात बसली असेल, तर तिच्या नक्की आलं असेल. हा पीळ कुणा दुसऱ्याचा, असं तिला वाटलं असेल?

"पुढं बघायचं ना, आई? गोष्ट राहिली."

म्हटलं, राहू दे. अजून एकदा मागं ने.