आडनाव एकच, घरं वेगळी

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे प्रत्यक्ष घालता येत नाही, कागदावर घालतो.) तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला, की अजून त्यांच्याआधी तोच घरात शिरतो? आम्ही दोघं ठीक. ही बरी आहे, म्हणजे माझ्याशी बोलते आहे. मध्ये पंधरा दिवस बोलत नव्हती. त्याचंच हे पुराण.

शाळेतून निवृत्त झाल्यावर हात शिवशिवत होते, म्हणून नव्या घराच्या दारावरची पाटी मीच रंगवली. नुसतं आडनाव, अक्षरं एवढी मोठी काढली, की नावाला जागाच उरली नाही. आता, राज्याचे एक मंत्री आपल्याच आडनावाचे. नगराध्यक्ष त्यांचे पुतणे, आणि आमच्या वॉर्डाच्या नगरसेविका त्या पुतण्याच्या बायको. आपला आणि त्यांचा संबंध एवढाच, की त्यांची सभा असली की आमचा रस्ता बंद होतो. पण पाटी वाचणाऱ्यांना हे कोण सांगणार? आठवड्याभरात रोज सकाळी दाराशी चपलांची रांग दिसू लागली. मी त्यांच्यातला नाही म्हटलं, तर एक गृहस्थ हात जोडून म्हणाले, "मोठ्या घरची माणसं असंच बोलतात."

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या बाई मात्र व्यवहारी. "नसाल तर नसाल, अर्ज तर लिहून द्याल?" त्यांच्या गल्लीत तीन महिने नळाला थेंब नव्हता, कपड्यांवर शिंपडायचं पाणीसुद्धा त्या लांबून डोक्यावरून आणत होत्या. मी अर्ज लिहिला, खाली सही ठोकली. (माझ्या सहीत आडनाव तेवढं वाचता येतं.) तिसऱ्या दिवशी गल्लीत पाणी! बाई माझे तीन शर्ट कडक इस्त्री करून घेऊन आल्या. ताई, तुझ्यापासून काय लपवायचं, मी गप्प राहिलो. चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या मास्तरांना उसना द्यायची वस्तू, असं मानणाऱ्या शाळेत मी तीस वर्षं काढली. माझ्या सहीला कुणीतरी पहिल्यांदाच घाबरलं होतं. त्यातलाच एक शर्ट घालून मी दोन दिवस काम नसताना बाजारातून फिरलो, आणि आणखी अकरा अर्ज लिहिले.

मग शेजारच्या गल्लीतला शिंपी आला. कागदही घरून आणलेला. म्हणाला, "साहेब, चार दिवसांपासून आमचं पाणी गेलं. पाणी सोडणारा चावीवाला म्हणतो, वरून सही आली, तुमचं पाणी तिकडे वळवलं. कुणाची सही, तेवढं शोधून द्या." हे त्यानं मलाच सांगावं! मी टोपण काढलेलं पेन हातात धरून बसलो. आत ही भांडी घासत होती, ती थांबली. शिंपी गेल्यावर तिनं एवढंच विचारलं, "सांगितलं का नाहीत?" आणि तिथून तिचं मौन सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी पाणीखात्यात जाऊन इंजिनियरला सांगून टाकलं, की मी कुणाचा काका नाही की पुतण्या नाही, साधा ड्रॉइंग मास्तर आहे. आधी त्यानं मला स्वतःची खुर्ची दिली होती. ती परत मागता येईना, म्हणून बिचारा उभाच राहिला. पण माझ्यादेखत फोन करून बाईंच्या गल्लीची चावी बंद करवली. शिंप्याचं पाणी परत गेलं, बाईंचा नळ कोरडा. खरं बोलून कुणाचं तरी वाटोळं करणं हेही माझ्या हातून व्हायचं होतं. पाणी मुळात वाढलंच नव्हतं गं. आपल्या आडनावाच्या धाकानं ते नुसतं इकडून तिकडे सरकत होतं.

बाईंच्या टेबलापाशी जाऊन सगळं कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. मंत्र्याच्या माणसाची कॉलर एवढी विरलेली नसते." मग बाईंना घेऊनच शिंप्याच्या दुकानात गेलो आणि तेच सांगितलं. तो मात्र रागावला, आणि यथास्थित रागावला, शेजारच्या दुकानातली गिऱ्हाइकं ऐकायला आली. त्याचा घसा सुकल्यावर बाईंनीच विचारलं, "एक दिवस तुम्ही, एक दिवस आम्ही, चालेल?" त्यानं कापडावरची नजर न उचलता मान हलवली. दोन्ही गल्ल्यांच्या एकसष्ट सह्या जमवल्या. माझी सर्वांत खाली, पूर्ण नावानिशी. इंजिनियरनं अर्ज पेपरवेटखाली ठेवला. मग आम्ही तिघं रोज त्याच्यासमोरच्या बाकावर जाऊन बसू लागलो. शिंपी काजं करायचा, बाई बटणं लावायच्या, मी इंजिनियरचं चित्र काढायचो. नवव्या दिवशी त्यानं चित्र पाहिलं आणि आदेश काढला. (नाक जरा जास्त खरं आलं होतं.) आता पाणी दोन्हीकडे दिवसाआड येतं. पुरत नाही, पण येतं. घरातही बोलणं सुरू झालं. दिवसाआड नाही, रोज.

भाऊजींना नमस्कार. औषध वेळेवर घे.

तुझा,
धाकटा

ता.क. जावईबापूंच्या बदलीसाठी "मंत्री आपल्याच आडनावाचे, एक शब्द टाक" असं तू लिहिलं होतंस. वरचं सगळं पत्र त्याचंच उत्तर आहे. रागावू नकोस.

पुन्हा ता.क. रागावली नसलीस तर एक सांगतो. वॉर्डाच्या निवडणुकीला मी अपक्ष उभा आहे. बाई सूचक, शिंपी अनुमोदक. यंदा काका-पुतण्यांचं बिनसलंय, त्यामुळे यादीत आपल्या आडनावाचे चार जण: नगरसेविकाबाई, मंत्र्यांची लेक, मतं खायला कुणीतरी शोधून आणलेला एक सुतार, आणि मी. प्रचाराला दहा दिवस येशील का? या आडनावाच्या माणसानं काहीही शपथेवर सांगितलं तरी लोक हसतात. तुझं लग्नात बदललं. तुझ्यावर विश्वास ठेवतील.