कपाटातला सॅक्सोफोन

३ फेब्रुवारी, मंगळवार
म्यूट आला! काळ्या फोमचा जाड गोळा. सॅक्सोफोनच्या कर्ण्यात बसवायचा, की आवाज दबतो म्हणे. आठ महिने क्लासातच वाजवलं, आजपासून घरी. हे गाढ झोपलेले. शीतगृहात रात्रपाळी करून आलेला माणूस, दुपारी चारपर्यंत झोपलाच पाहिजे. मी दोनला शाळेतलं टायपिंग उरकून आले, कपाटात शिरले, कोटांच्या मध्ये उभी राहिले आणि फुंकलं.

आवाज दबतो? डोंबल! अर्धा आवाज बोटांखालच्या भोकांतूनच बाहेर. मग वरून शाल गुंडाळली. आता आवाज कमी झाला, पण बोटं सापडेनात.

५ फेब्रुवारी
ह्यांनी सॅक्सोफोनच्या पेटीबद्दल विचारलंच. "एवढं काय आणलंस?" तोंडातून निघून गेलं — शिवणयंत्र! या वयात सॅक्सोफोन म्हटलं असतं तर हसले असते, आणि ते हसणं मला सोसलं नसतं.

"बरं झालं," म्हणाले, आणि तीन पँटी आणून टाकल्या. "आखूड कर."

६ फेब्रुवारी
पँटी गुपचूप शिंप्याकडे. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय!

९ फेब्रुवारी
हे शिवणीवर बोट फिरवत म्हणाले, "हात बसला हो तुझा." शिंप्याचं कौतुक निमूट गिळलं.

९ मार्च, सोमवार
रविवारी क्लासच्या बँडची निवड! धून संपते ती सगळ्यात खालच्या सुरावर, आणि माझा नेमका तोच निघत नाही. नुसतं फुर्र होतं. सर म्हणाले, "बाई, टायपिस्टची बोटं तुमची, धावतात. पण म्यूट लावून हा सूर निघायचाच नाही. कर्णा मोकळा हवा. रविवारपर्यंत काढा, नाहीतर झांजा घ्या."

झांजा! एवढे महिने गाल दुखवून घेतले ते झांजांसाठी?

१० मार्च
ह्यांच्या डोळ्यांखाली काळं आलंय. जेवताना डुलक्या. "झोप होत नाही का?" तर "होते की." माझ्यामुळेच होत नसणार. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज म्यूटवर टॉवेलही कोंबला. इतका हळू आवाज की मलाच ऐकू येईना. वर डोक्यात हँगर पडला तो वेगळाच.

१२ मार्च
वाजवलं नाही. रडले थोडी.

१३ मार्च, शुक्रवार
ठरवलं. ह्यांची एक झोप मोडली तर मोडली, मला झांजा नकोत. म्यूट काढला, कपाटाचं दार लावलं, डोळे मिटले आणि पोटापासून श्वास सोडला — निघाला! जाड, लांब, घरभर. हँगर थरथरले. घाबरून बाहेर आले तर हे भिंतीकडे तोंड करून घोरतायत. एरवी इतक्या जोरात घोरत नाहीत.

१४ मार्च
ह्यांच्या साहेबांचा फोन. हे झोपलेले, म्हणून मीच घेतला. "वहिनी, तुम्हीच समजवा आता. कामावर पेंगतात म्हणून दिवसपाळी देतोय, तर दोनदा लेखी नकार! कारण काय लिहिलंय माहितीये? 'दुपारी घरी सॅक्सोफोन ऐकायचा असतो.'"