आबांची मोटर

जामनेर
११ डिसेंबर

प्रिय कुंदनभाऊ,

धुळ्यात सगळे बरे असाल. भूमिकावहिनीला नमस्कार. इकडे थंडी आहे, केळीची वाढ मंदावली आहे, आईचे गुडघे नेहमीसारखेच. फोनवर बोलताना आबा समोरच असतात, म्हणून लिहिते आहे.

रविवारी तू त्यांना कायमचे धुळ्याला न्यायला येणार आहेस. त्याआधी दोन गोष्टी. मळ्यातल्या विहिरीवर लोखंडी जाळी बसवून घेतली. आणि तू विहिरीच्या मोटरला लावलेला मोबाइलवाला स्टार्टर बंद आहे.

स्टार्टर चांगला होता. सत्तरीतल्या माणसाने मोटर चालू करायला रोज मळ्यात जाऊ नये, हा तुझा विचारही बरोबर वाटला होता. सगळ्या गावाने कौतुक केले. फक्त तोताराम नाना शेजारच्या बांधावरून ओरडले, "काय पितांबर, आता तं तुही मोटर धुळ्याहून चालते! तू कायले येतो? वावराले तोंड दाखवाले?"

आबा हसले. दुसऱ्या दिवसापासून गेले नाहीत.

मग ठिबकचा फिल्टर धुवायला आपण माणूस लावला, घड बघायलाही. एकेक काम काढून घेतले आणि त्याला आराम म्हणालो. आबा ओट्यावरून खाटेवर आले. दाढी करेनात. आई आधी म्हणायची, "घरात बसेल माणूस म्हंजे दुसरी सासूच." आबा उत्तर देईनात, तेव्हा तिने चिडवणे सोडले. जळगावच्या डॉक्टरांनी नैराश्य सांगून गोळी दिली. ती चालू आहे, चालूच राहील. रोज चालायलाही सांगितले होते. मी त्यांना कॉलेजच्या मैदानावर नेले. एक फेरी झाल्यावर थांबले. "कुठी जाऊ राह्यलो आपण?" मी त्यांना घरी घेऊन आले.

पोळ्याच्या संध्याकाळी आबा फिरायला गेले होते, असे मी तुला सांगितले. ते विहिरीच्या काठावर बसले होते. पाय आत सोडून. मी शेजारी बसले आणि त्यांचा सदरा मुठीत धरला. म्हणाले, "मोटर तं चालूच आहे. मंग मी नसलो तं काय अडते?"

म्हणून आधी जाळी, मग स्टार्टर. विजेच्या उपकेंद्रात काम करणारीला एक तार सोडवायला कितीसा वेळ लागतो? घरी सांगितले, जळाला, दुरुस्तीला वेळ लागेल, तोवर केळी वाळतील. आबा चप्पल शोधायला लागले.

सुरुवातीला मी सोबत जायचे. ते थकायचे, लिंबाखाली बसायचे. आता मोटर चालू करून नळ्यांची टोके उघडून बघत सगळ्या ओळींतून फिरतात. नानांशी भांडतात. काल भरीत अळणी झाले म्हणून आईवर चिडले, आणि ती पदर तोंडाला लावून हसत होती. काही सकाळी अजूनही उठत नाहीत. बरे झाले, असे मी लिहिणार नाही.

परवा मळ्यात त्यांनी स्टार्टरची पेटी उघडली आणि सुटलेली तार माझ्यासमोर धरली.

"हे जळेल आहे?"

त्यांनी तार आत सारली, झाकण लावले.

"कुंदनले सांगजो, जळेलच आहे."

तर भाऊ, रविवारी ये. त्यांची बॅग भरू नकोस, नवा स्टार्टर आणू नकोस. सकाळीच पोच. मोटर कशी चालू करायची ते आबा तुला दाखवतील. तुला येत असले तरी शिकून घे.

तुझी, पण या वेळी आबांच्या बाजूची,
सुलक्षणा