नारीनकडे निघालेलं गप्प खोकं

बिश्केक, ६ ऑक्टोबर

ती. जिबेकताईस,
धाकट्या एर्मेकचे शि. सा. न. वि. वि. (साष्टांग घालायला या खोलीत जागा नाही. आम्ही चौघं आणि एक सायकल राहतो. उभ्यानंच घातला असं समज.)

तुझी चिठ्ठी तिलेक ड्रायव्हरनं आणून दिली. नारीनहून येताना त्याच्या गाडीत बटाटे सीटवर आणि माणसं एकमेकांच्या मांडीवर असतात, त्यामुळे चिठ्ठी जरा चुरगळली होती. ती एका लोकरीच्या मोज्यात होती. मोजा छान आहे. एकच का पाठवलास? दुसऱ्या पायाची थंडी तुझ्या सासरच्यांनी वाटून घेतली का?

आता कामाचं. तुला गेम खेळता येईल असा संगणक हवा. आवाज अजिबात नको. आणि पैसे, तू दुधातून वाचवलेले, हे एवढेच. ताई, स्वस्त, तगडं आणि गप्प! असा नवरा आजवर कुणाला मिळाला नाही, तर संगणक कुठून मिळणार? आणि मी शाळा बुडवून गेमच्या दुकानात बसायचो तेव्हा सगळ्यांदेखत कान धरून ओढत नेणारी तूच ना? तो कान अजून थोडा लांब आहे. आता तू घरची सून, गायी तुझ्या, पाव तुझा, चहा तुझा, आणि या वयात तुला गेम!

तरी गेलो. जुने सुटे भाग विकणाऱ्यांच्या गल्लीत एकानं ग्राफिक्स कार्ड दाखवलं. चित्रं पडद्यावर हलतात ती याच्या जिवावर. म्हणाला, एका म्हाताऱ्या शिक्षिकेचं आहे, बाई फक्त सुट्टीत वापरायच्या. उलटं करून पाहिलं तर आत धुळीचा गालिचा. संगणकावर बिटकॉइनसारखी आभासी नाणी कमावणाऱ्या कुठल्यातरी गोदामात ते रात्रंदिवस राबलेलं होतं. चालू केलं तर त्याचा पंखा असा गरजला की मी टोपी धरली. बाई सुट्टीत हेलिकॉप्टर उडवायच्या का, एवढं मी विचारलं, तर तो रागावला.

मग शेजारच्या माणसाचं कबूतर सुटलं. ते पकडण्यात दुपार गेली. म्हणून खरेदी झाली नाही.

पण मला सांग, एवढी शांतता कशाला? खरं कारण कळव, नाहीतर तुझ्या पैशांची मी कबुतरं घेतो.

तुझा लोभ पूर्वीइतकाच असू दे, कानाला हात मात्र नको.
एर्मेक


नारीन, १३ ऑक्टोबर

चि. एर्मेकास,
अ. उ. आ. आशीर्वाद पुरवून वापर. तुझं वागणं पाहता ते लवकर संपतात.

दुसरा मोजा याच्यासोबत आहे. तुझं उत्तर येईपर्यंत तो ओलीस होता.

कारण सांगते, पण ते तुझ्या खोलीतल्या सायकललासुद्धा कळता कामा नये. तुझे दाजी कुबान रशियात बांधकामावर गेले त्याला वर्ष होत आलं. दर रविवारी फोन येतो. घरात चालता फोन एकच, तो कपाटावर, आवाज मोठा करून. भोवती सासूबाई, मामंजी, नणंद, चुलत्यांचं घर आणि वाटेनं जाणारा जो कुणी असेल तो. सगळे विचारतात, मांस मिळतं का खायला. ते म्हणतात, रोज मिळतं. मग कुणाला तरी आठवतं की यांचं लग्नही झालंय, आणि फोन माझ्या हातात येतो. एवढ्या माणसांत मी विचारते, थंडी आहे का. ते म्हणतात, आहे. झाला संसार. निरोप लिहून पाठवावा, तर नणंद तो बातम्यांसारखा वाचून दाखवते.

म्हणून गेम. यांचा शाळेच्या दिवसांतला जुना संगणक आमच्या खोलीत आहे आणि तिकडे यांच्या सोबत्याकडे लॅपटॉप. गेममध्ये लाकडं तोडायची, घर बांधायचं, गहू पेरायचा. पहाटे मी गाय पिळायला उठते, त्याच्या आधी आम्ही तिथं भेटतो. आम्ही दोन खिडक्यांचं घर बांधलंय. त्या घरात कपाट नाही, नणंद नाही, कुणी मांस विचारत नाही. आम्ही बोलतो, एर्मेक. एवढंच. याला तू गेम म्हण, मी संसार म्हणते.

पण जुना संगणक चढावर अडकलेल्या ट्रॅक्टरसारखा ओरडतो. एका फळीपलीकडे सासूबाईंचं अंथरूण. परवा त्यांनी विचारलं, पहाटे काय घरघरतं. मी म्हटलं, साय काढायचं यंत्र. त्या म्हणाल्या, आपलं यंत्र हातानं फिरवायचं आहे. मी चहा आणायला पळाले. एकदा कळलं की संगणकही कपाटावर जाईल आणि पुढच्या रविवारपासून आमच्या गव्हाच्या शेतात सगळं गाव उभं राहील. मग नवऱ्याशी बोलायला मी कुठं जाऊ?

खोकं तिलेकच्या गाडीत घातलंय. घरी सांगितलंय, दुरुस्तीला चाललंय. बाहेरून तेच राहू दे, आतलं सगळं बदल. जितके दिवस ते तुझ्याकडे, तितके दिवस आम्ही दोघं मुके, हे ध्यानात ठेव. कबुतरांकडे बघू नकोस.

लोभ तर आहेच. तो टिकवायचा की नाही हे तुझ्या कामावरून ठरवू.
जिबेक


बिश्केक, ३१ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उशीर झाला. तोकमोकला एका लग्नात स्पीकर उचलायला गेलो होतो. संध्याकाळी परतायचं ठरलं होतं, पण तिसऱ्या दिवशीही नवरीकडचे लोक मला जेवायला वाढत होते, आणि मी कोण हे कुणी विचारत नव्हतं. मग तुम्ही दोघं मुके आहात हे आठवलं आणि भरल्या ताटावरून उठलो. असा त्याग आपल्या घराण्यात आधी कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

खोकं उघडलं. आत उंदरानं कधीकाळी बिऱ्हाड केलं होतं. भाडं न देता गेलेला दिसतो.

आता ऐक, काय काय घातलंय. प्रोसेसर जुनाच पण कमी वीज खाणारा. कमी खातो तो कमी तापतो, कमी तापतो तो कमी ओरडतो. माणसांचं उलटं असतं. त्याच्या डोक्यावर पत्र्याच्या पात्यांचा मोठा डोलारा आणि बशीएवढा एकच पंखा. मोठा पंखा आळसात फिरला तरी वारा देतो. लहान पंखे नवीन जावयासारखे, धावपळ फार आणि काम थोडं. ग्राफिक्स कार्ड पंखाच नसलेलं घेतलं. विकणारा मला समजावत होता की याच्यावर लढायांचे गेम रडतील. मी म्हटलं, आम्हाला गहू पेरायचाय. हार्ड डिस्क दात खायची, ती काढली आणि चकती नसलेली एसएसडी बसवली. पॉवर सप्लाय मात्र चांगला घेतला. त्यात पैसे वाचवणारे लोक पुढं जळक्या घराच्या जागी नवं घर शोधताना दिसतात.

आणि शेवटची करामत माझी स्वतःची. आपला तंबू आतून इतका शांत का असतो? नमद्यामुळे. म्हणून मी खोक्याला आतून चारी बाजूंनी आणि वरून मेंढीच्या लोकरीचा जाड नमदा चिकटवला. दुकानदार म्हणाला, असं कुणी करत नाही. मी म्हटलं, म्हणूनच तुमची यंत्रं ओरडतात.

चालू करून कान लावला. काही नाही. बंद आहे असं वाटून दोनदा पुन्हा चालू केलं, म्हणजे दोनदा बंदच केलं.

तिलेकला सांगितलंय की हे मांडीवर घे, बटाट्यांवर नको. दाजींना नमस्कार. त्यांच्या गव्हाला पाणी मिळालं नसेल इतके दिवस, वाईट वाटतं.

तुझा लोभ या खोक्यासारखाच राहो, कमी खर्चाचा आणि न बोलता चालणारा.
एर्मेक


नारीन, २२ नोव्हेंबर

चि. एर्मेकास,
अ. उ. आ. आणि एक धपाटा, भेटल्यावर.

तुझी करामत पहिल्याच पहाटे कळली. अर्ध्या तासात खोलीभर जळक्या मेंढीचा वास! तंबूला नमदा लावतात, बाबा, पण तंबूला वर धूर जायला भोक ठेवतात, ते तुला कुणी सांगितलं नाही का? सासूबाई आल्या आणि म्हणाल्या, मेंढीचं डोकं भाजतेस का, पाहुणे कोण येणार आहेत. मी म्हटलं, चुलीवर मोजा जळला. त्यांनी माझ्या दोन्ही पायांतल्या मोज्यांकडे पाहिलं आणि गेल्या. मी वरचा आणि मागचा नमदा सुरीनं खरवडून काढला.

पण त्यानंतर, एर्मेक, काय सांगू! दिवा लागतो म्हणून चालू आहे हे कळतं. मी एका कानाला हेडफोन लावते, दुसरा घरासाठी मोकळा ठेवते. आता घरघरीत शब्द हरवत नाहीत की तेच तेच सांगावं लागत नाही. हे काम संपवून पहाटे येतात आणि आम्ही कुंपण घालत बसतो. परवा मी सासूबाई चहा कशा भुरकतात ते करून दाखवलं, तर हे हसता हसता गेममधल्या विहिरीत पडले.

आणि मग, हसणं थांबल्यावर, खरं काय ते बोलले. मुकादमानं तीन महिन्यांचा पगार दिलेला नाही. वर जिन्याची फळी सरकली, पाय दुखावलाय, नीट टेकवत नाही. मांस वगैरे काही नाही, नूडल्स. मी म्हटलं, या परत. तर म्हणतात, गावानं जेवू घालून निरोप दिला होता, रिकाम्या हातानं कुठल्या तोंडानं येऊ. आईला सांगायचं नाही, अशी शपथ घातलीय. मी कुणाला सांगू? गायीला सांगितलं. ती चघळत राहिली.

लांबड लावण्यात तू हुशार आहेस, तर दुखऱ्या पायाच्या माणसाला अपमान न होता घरी कसं आणायचं, यावर काही सुचतंय का? सुचलं तर लिही. न सुचलं तर तोकमोकच्या लग्नाबद्दल लिही, तेवढंच हसेन.

लोभ कर, आणि यावेळी खरंच कर.
जिबेक


नारीन, १० डिसेंबर

चि. एर्मेकास,
बुरूलचे, म्हणजे तुझ्या बहिणीच्या सासूचे, आशीर्वाद. अक्षराला हसू नकोस, हे हात दूध काढतात. तिलेकला बजावलंय की हे पत्र फक्त तुझ्या हातात द्यायचं आणि बहिणीला पत्ता लागू द्यायचा नाही.

तू खोकं फार छान केलंस. इतकं छान की मला झोप नाही.

पूर्वी ते घरघरायचं तेव्हा फळीपलीकडे सून काहीतरी पुटपुटते एवढंच कळायचं. मला वाटायचं, नमाज शिकतेय. आता खोकं गप्प आणि तुझी बहीण कुरणात उभी असल्यासारखी बोलते. मी चोरून ऐकत नाही. मी माझ्या अंथरुणात माझ्या कानांसकट पडलेली असते. कान काढून कुठं ठेवू?

पहिल्यांदा राग आला. मी चहा भुरकते म्हणे. तिनं भुरकून दाखवलं, मी फळीला पाठ लावून ऐकलं. हुबेहूब जमलं होतं, ते वेगळं.

मग एके पहाटे ती म्हणाली, तीनही महिन्यांचा? मग म्हणाली, कुठला पाय? मग म्हणाली, आईला तर रोज मांस खातो म्हणून सांगता. त्याचं बोलणं मला ऐकू येत नाही, तिचंच येतं. पण त्याला जन्म दिलेल्या बाईला उरलेलं अर्धं कुणी सांगावं लागत नाही.

आता मी म्हटलं असतं, ये बाबा, मला कळलंय, तर त्याला विचारावं लागलं असतं कसं कळलं. मग भिंत कळली असती. भिंत कळली की तुझी बहीण तिच्यामागे जन्मभर गप्प बसली असती आणि माझा मुलगा जन्मभर मांस खात राहिला असता.

म्हणून गेल्या रविवारी फोनवर सगळ्यांसमोर मी सांगितलं की तुझा बाप अंथरुणाला खिळलाय, यकृत गेलंय, तुझं नाव घेतो. तुझ्या बहिणीचे मामंजी तेव्हा माझ्या शेजारी मांसाच्या वाफवलेल्या मांटी खात होते. मी टाच त्यांच्या पायावर ठेवली. मग ते खोकले. यकृतासाठी खोकले! पण बायका रडायला लागल्या होत्या, कुणाच्या लक्षात आलं नाही. तेव्हापासून ते पडून आहेत. छान जमतंय, आयुष्यभराचा सराव आहे. शेजारी तळलेले पाव घेऊन बघायला येतात आणि हे रुग्ण सगळे खातात. बापासाठी धावत आलेल्या मुलाला गाव हातात काय आणलं विचारत नाही. त्याच्या काकानं तिकीट काढलंय.

तुला एवढंच सांगायचंय. बहिणीनं कधी विचारलं की फळीची भिंत पातळ असते का, तर म्हणायचं, ताई, त्याहून जाड भिंत जगात नाही. आणि त्या खोक्याला पुन्हा हात लावू नकोस. तोकमोकच्या लग्नाचंही फळीतून ऐकलंय; तू बोललास तर तुझ्या लग्नात स्पीकर मी उचलेन, आणि तुझ्याच डोक्यात घालेन.

लोभ वगैरे तुम्ही पोरं लिहिता. मी पाव पाठवलाय, तो खा.
बुरूल


नारीन, ३ जानेवारी

चि. एर्मेकास,
अ. उ. आ. धपाटा माफ.

हे आले! पाय ओढतात, पण चालतात. मी बाहेर आले तेव्हा अंगणात माणसांची एवढी गर्दी की यांनी मला विचारलं, थंडी आहे का. मी म्हटलं, आहे. आणि दोघांनाही इतकं हसू आलं की मी तोंडात ओढणीचं टोक धरलं.

पायाचं यांनी गावाला सांगितलं, बस बर्फावर घसरली. सासूबाईंनी एक प्रश्न विचारला नाही. कधी नव्हे ते! नुसतं यांच्या ताटात मांस वाढत राहिल्या, हे नको म्हणाले तरी.

मामंजींचं तर नवल. हे आल्यावर तिसऱ्याच दिवशी उठले आणि घोडे बघायला गेले. मुलाचा पायगुण, दुसरं काय! पण मला आतून फार अपराधी वाटतं बघ. ते आजारी पडले नसते तर हे अजून वर्षभर आले नसते, आणि मी मनातून त्या आजाराला किती आशीर्वाद दिले! म्हणून रोज त्यांना वेगळं सूप करून घालते. ते माझ्याकडे बघून खोकतात. यकृताचा आजार असा छातीत उतरतो का रे?

तू काही उपाय सुचवला नाहीस, दीड महिना नुसतं हवापाणी लिहीत बसलास. पण जाऊ दे, वेळच आली नाही. खोक्याबद्दल मात्र तुला मानलं. गेममधलं घर आम्ही तसंच ठेवलंय, पण आता पहाटे हे उठून बसतात आणि आम्ही दिवा न लावता बोलतो. सासूबाईंनी कालपासून अंथरूण स्वयंपाकघरात नेलं. फळीतून वारा येतो म्हणाल्या. इतकी वर्षं त्या फळीला टेकून झोपल्या, तेव्हा आला नाही, आणि ऐन जानेवारीत उबदार खोली सोडून गेल्या. म्हातारपणी माणूस लहरी होतो.

आणि शेवटचं सांगते म्हणजे तुझी छाती फुगेल. या बाईला दोन खोल्यांपलीकडून गायीचं रवंथ ऐकू येतं. तरी एवढे दिवस हातभर अंतरावर मी काय काय बोलले, त्यातला एक शब्द तिच्या कानावर गेला नाही. गेला असता तर ती गप्प बसली असती का, तूच सांग.

लोभ वाढव. आता आम्ही दोघं मिळून परत करू.
जिबेक