पाच मजले, भरलेला कप

शनिवार, संध्याकाळ. सानपाडा.

लिफ्ट बंद, आम्ही पाचव्या मजल्यावर, बाबांचे पाय लुळे आणि त्यांच्या नातीचा साखरपुडा सकाळी अकराला! मी रडकुंडीला आले. तेवढ्यात तळमजल्यावरचे शिंदेभाऊ मार्केटातली त्यांची माथाड्यांची टोळी घेऊन हजर. पहाटे गेटवर गलका करतात म्हणून ह्याच टोळीची तक्रार केली होती ना मी? केलीच होती.

बाबा चहा पीत होते. चौघांनी त्यांना कपासकट खुर्चीत उचललं.

"कप सोडू नका, बाबा," शिंदेभाऊ म्हणाले. "थेंब सांडला तर आमची हमाली बाद!"

पाच मजले उतरले. एक थेंब नाही सांडला. खरंच, एकही नाही! खाली बाबांनी ऐटीत शेवटचा घोट घेतला.

उद्या पहाटे गलका झाला की टोळीसाठी चहा घेऊन मीच जिना उतरणार. माझा सांडेल. सांडू दे!