बारीक चाकं

होल्बी फेन, लिंकनशायर
५ जून १९८६

चि. डेरेक यास दादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

मंगळवारी सकाळी कामावर जाण्याआधी मी शेडमध्ये गेलो, तुझी नवी चाकं बसवली, नट आवळले आणि गाडी टेकूच्या लोखंडी घोड्यांवरून खाली उतरवली. दीड वर्षात प्रथमच ती स्वतःच्या पायांवर उभी राहिली. मग मी आत बसलो. पाहायला कोणी नव्हतं म्हणून तोंडाने इंजिनाचा आवाजही काढला. घरी गाडी बांधणारा प्रत्येक जण हे एकदा तरी करतो, असं तूच म्हणाला होतास. चॅपलच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या, पन्नाशीला टेकलेल्या माणसाने करावं की नाही ते माहीत नाही. दारात शेजारच्या शेतावरच्या मिसेस क्लो अंडी घेऊन उभ्या होत्या. अंडी खाली ठेवून त्या तशाच मागे वळल्या.

चाकं देखणी आहेत. सात इंच रुंद, वर दोनशेपाच मिलिमीटरचे टायर. पण स्टिअरिंग जड लागतं, डेरेक. उभ्या गाडीत मला खांद्यापासून जोर लावावा लागला, आणि माझे हात ट्रॅक्टरचे गंजलेले नट सोडवणारे. आपण ज्या जुन्या फोर्डचं सामान या गाडीत घातलं, तिची पाच इंची लोखंडी चाकं अजून भिंतीला टेकून आहेत, एकशेपंचावन्नच्या टायरांसकट. ती लावून पाहू का?

डॉक्टर म्हणाले होते की पानगळीपर्यंत तुझे हात साथ देतील. त्याआधी तू ही गाडी स्वतः चालवावीस, एवढीच माझी धडपड आहे. रंग, आरसे, नंबरपाटी मागाहून होईल. उत्तर लवकर धाड. मॉरीनला आशीर्वाद.

तुझा,
एमॉस दादा

---

कॉव्हेंट्री
९ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

मिसेस क्लोंची हकीकत मॉरीनला वाचून दाखवली, तर तिला चहाचा ठसका लागला. आता पुढच्या रविवारी चॅपलमध्ये त्या तुझ्यासाठी वेगळी प्रार्थना करतील.

बारीक चाकांचं मात्र नाव काढू नकोस. वीस वर्षं मी ड्रॉइंग बोर्डावर दुसऱ्यांच्या गाड्यांच्या दारांच्या कड्या रेखाटल्या. आख्खी गाडी ही एकच. तिची मागची मडगार्डं दोनशेपाचच्या मापाने बनवली आहेत. त्यांच्याखाली एकशेपंचावन्न म्हणजे लग्नाच्या सुटाखाली शाळेचे कॅनव्हासचे बूट. माणसं थांबून बघतील आणि हसतील. स्टिअरिंग उभ्या गाडीत कोणालाही जड लागतं. गाडी चालू लागली की हलकं होतं. तू जन्मभर ट्रॅक्टरांत राहिलास, तुला हे कुठून कळणार.

अक्षर वाकडं आलं आहे. पेन नवीन आहे. लोभ आहेच, तो असाच असू दे.

तुझा,
डेरेक

---

कॉव्हेंट्री
११ जून

ती. भावोजी यांस मॉरीनचा नमस्कार, वि. वि.

हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे. पेन नवीन नाही. शर्टाची बटणं मार्चपासून मी लावते. किटली अर्धीच भरते, कारण भरलेली यांच्याने उचलत नाही. चहाचा कप बदलून पत्र्याचा हलका आणला, तो कॅम्पिंगचा म्हणून खपवला.

गेल्या शनिवारी हे आमची गाडी बाहेर काढायला गेले. गॅरेजच्या दाराशी वळण आहे. इंजिन चालू होतं, मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. दहा मिनिटांनी ते आत आले आणि बॅटरी उतरली आहे म्हणाले. मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते, भावोजी?

पाय अजून चांगले आहेत. डॉक्टर म्हणतात हातांचं आधी जाईल. यांच्या डोक्यात दिवसभर तुमच्या शेडमधली गाडी असते. त्या आशेवरच सकाळी उठतात. ती यांच्या हाताने वळली नाही तर पुढे काय, हा विचार मला करवत नाही. तुम्हीच काही तरी करा.

आपली,
मॉरीन

---

होल्बी फेन
१७ जून

चि. सौ. मॉरीन हिस आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र बायबलमध्ये ठेवलं आहे, तिथे कोणी हात घालत नाही.

मला हिशेबी माणसासारखं डोकं नाही, पण वजन करता येतं. क्लोंच्या शेतावर बटाट्याची पोती तोलायचा ताणकाटा आहे, खाली अडकवायचा हूक असलेला. तो हूक मी स्टिअरिंगच्या कडेला अडकवून ओढला. रुंद चाकांवर, उभ्या गाडीत: बावीस रत्तल. मग मिस्टर क्लोंना ट्रॅक्टरने गाडी पायी चालण्याच्या वेगाने ओढायला लावली आणि पुन्हा काटा धरला: अकरा. नंतर जुनी बारीक चाकं चढवली: उभ्या गाडीत बारा, चालत्या गाडीत सहा. क्लोंनी हे कशासाठी विचारलं नाही. त्यांनाही भाऊ आहे.

आता डेरेक किती ओढू शकतो ते कळायला हवं. सोबत तसाच लहान काटा पाठवतो आहे. काही तरी निमित्त काढ.

तुझा,
एमॉस

---

कॉव्हेंट्री
२ जुलै

ती. भावोजी यांस नमस्कार, वि. वि.

चॅपलच्या भाजीप्रदर्शनासाठी भोपळा तोलायचा आहे, काटा बरोबर आहे का ते जरा ओढून बघा, असं म्हटलं. नऊ. दोन्ही हातांनी. नंतर बराच वेळ ते आपल्या तळव्यांकडे बघत बसले.

आपली,
मॉरीन

---

होल्बी फेन
८ जुलै

चि. डेरेक यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

इकडे एक अडचण आली आहे. रुंद चाकं पूर्ण वळवली की पुढचा टायर मडगार्डला आतून घासतो. बोटभरही जागा राहत नाही. असं चालवणं धोक्याचं. तेव्हा नाइलाजाने बारीक चाकंच ठेवावी लागतील असं दिसतं. माझाही जीव हळहळतो, पण मापापुढे काय करणार.

वाटाणा काढायला आला आहे, पाऊस नाही. तब्येतीला जप.

तुझा,
एमॉस दादा

---

कॉव्हेंट्री
४ ऑगस्ट

ती. दादास सा. न. वि. वि.

मी सांगतो आहे आणि मॉरीन लिहिते आहे. तिला एकही शब्द गाळायचा नाही अशी ताकीद दिली आहे.

दादा, आपल्या गाडीची पुढची मडगार्डं चाकाच्या कण्यालाच पकडलेली आहेत. चाक वळलं की मडगार्ड त्याच्याबरोबर वळतं. टायर त्याला घासणं शक्यच नाही, जन्मभर वळवलंस तरी. ती तू स्वतःच्या हाताने बसवलीस. तुला खोटं बोलता येत नाही हे लहानपणापासून ठाऊक आहे, पण इतकं येत नसेल असं वाटलं नव्हतं. आणि महिन्यात तीन वेळा काटा ओढायला लावणाऱ्या बाईला विचारावंसं वाटतं की जूनच्या अखेरीस नऊ रत्तलांचा भोपळा कोणत्या वेलीला लागतो. मॉरीन इथे रडते आहे. तेही लिही म्हटलं, तिने लिहिलं.

आता ऐक. या घरातली प्रत्येक वस्तू माझ्यामुळे हलकी झाली. कप हलका, किटली अर्धी, बुटांच्या नाड्या गेल्या, दाराच्या मुठी बदलल्या. मी काही म्हटलं नाही. पण ती गाडी मी धडधाकट असताना कागदावर काढली. ती तेवढी हलकी करायची नाही. रुंद चाकं राहतील. मला वळवता आली नाहीत तर नाही आली, मी शेजारी बसेन आणि तू चालव.

डेरेक

भावोजी, यापुढचं माझं. ते बाहेर जाऊन बसले आहेत. आज सकाळी स्वतःहून काटा मागितला. पाच. डॉक्टरांची पानगळ फार लांब आहे, भावोजी. — मॉ.

---

होल्बी फेन
२० ऑगस्ट

चि. डेरेक यास दादाचे आशीर्वाद, वि. वि.

मी खोटं लिहिलं. त्याबद्दल वर क्षमा मागितली आहे, आता तुझ्याकडे मागतो. तिथे मागणं सोपं गेलं.

तुझं पत्र आलं त्यानंतर आठवडाभर मी शेडचं दार उघडलं नाही. चॅपलमध्ये झाडू मारताना विचारत राहिलो की भावाचं ऐकावं की भावाच्या हातांचं. गेले वर्षभर मी तुझ्या हातांसाठी मागत होतो. मधल्या रविवारी मला कळलं की ते मागणं मी सोडून दिलं आहे आणि फक्त एका कोरड्या शनिवारासाठी मागतो आहे. बाकावर बसून राहिलो.

तू म्हणतोस तू शेजारी बसशील. मी ते डोळ्यांसमोर आणून पाहिलं. गाडी मी चालवतो आहे, तू शेजारी, हात मांडीवर. रस्त्यावरचे लोक थांबून रुंद चाकांकडे बघताहेत, आणि आपण दोघंही समोर बघतो आहोत. मला ते जमणार नाही. तुझा राग जन्मभर सोसेन, ते सोसणार नाही.

आणि एक सांगतो, तू म्हणालास मी ट्रॅक्टरांत राहिलो. बटाट्याच्या सऱ्यांत शिरायचं असलं की आम्ही ट्रॅक्टरची रुंद चाकं काढून बारीक चढवतो. शेतावर त्याला कोणी दुबळा म्हणत नाही. काम जसं, तसं चाक.

मॉरीनचा आकडा पाच होता आणि बारीक चाकांचा सहा. एक रत्तल कमी पडत होता. दोन दिवस मी त्या एका रत्तलाने वेडा झालो. टायरमध्ये हवा ठासून भरली, दगडासारखे केले: साडेपाच. मग आठवलं की क्लोंच्या कुंपणाशी जुनी बेकरीची व्हॅन पडली आहे, जिच्यावर आपण दोघं गाडी शिकलो. तिचं स्टिअरिंग परातीएवढं. ते काढून तुझ्या गाडीला बसवलं. जेवढं स्टिअरिंग मोठं, तेवढा जोर कमी. क्लोंनी ट्रॅक्टर लावला, मी काटा धरला. चार. पुन्हा धरला. चार. गाडी आता फार वेडीविद्री दिसते, हे कबूल. सुट, कॅनव्हासचे बूट आणि डोक्यावर बायकांची टोपी.

रुंद चाकं मी आज सकाळी विकली. लिंकनहून एक जण आला आणि घेऊन गेला. ती शेडमध्ये राहिली असती तर तुझ्या पुढच्या पत्राला मी भ्यालो असतो. म्हणून ती आधी घालवली आणि मग लिहायला बसलो. आता आपल्या दोघांनाही मन बदलता येणार नाही.

क्लोंच्या शेतावरची युद्धातली विमानांची धावपट्टी बिटाच्या काढणीपर्यंत मोकळी आहे. सरळ, मैलभर, तिथे नंबरपाटी लागत नाही. पाय तुझे, स्टिअरिंग तुझं. गिअर तू म्हणशील तेव्हा मी टाकीन. टोकाला वळताना माझा हात मागितलास तर देईन. मागितल्याशिवाय स्टिअरिंगला बोट लावणार नाही, हे चॅपलमध्ये बोलून आलो आहे.

यायचं नाही असं लिहू नकोस, तुझं पत्र इथे पोचायच्या आत मी निघालेला असेन. पाचातून चार गेले की एक रत्तल उरतो, आणि तोही रोज झिजतो आहे. तेवढ्याच्या भरवशावर शनिवारी सकाळी आठला तुम्हा दोघांना न्यायला दारात उभा राहीन. रागावलेलाच ये, पण ये.

तुझा,
एमॉस दादा