माल ओला आहे तोवर

मंगळवार, ३ मार्च

चि. सौ. धाकटीस,
प्रभू येशूच्या नावात दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि., तुझा गुडघा काय म्हणतो? जिना चढताना अजून करकरतो का? दाजींचा खोकला उतरला, की अजून औषध चुकवून अंगणात खोकायला जातात? सूनबाईची पाठ? नातवाला दात आले का? मी ठणठणीत. चष्मा तेवढा म्हातारा झालाय.

आता मुद्द्याचं. तुझ्या ठेकेदार चिरंजीवांनी मला इथल्या शिलाई कारखान्यात कामाला लावलं. मागचं दार विटांनी बुजवायचं. बायका चहाच्या नावाखाली तिथून सटकतात, ही मालकांची तक्रार. मीही मुकाट थर चढवत होतो. भिंत कमरेला आली, तेव्हा काजं करणारी एक बाई पलीकडून डोकावली. म्हणाली की मिस्त्री, पुढच्या दाराशी कापडाचे गठ्ठे, हे दार तुम्ही गिळलंत, मग आग लागली तर आम्ही काय मोरीतून वाहून जायचं? सगळ्या हसल्या. मीही हसलो. आणि हसता हसता आतून कुणीतरी मनगट धरलं. काढ, एवढंच. तो आवाज मी ओळखतो गं.

मालकांना सांगावं, भाच्याला विचारावं, संध्याकाळी पाळकांशी बोलावं, असं मनात आलंच. पण विटांमधला सिमेंटचा माल ओला असतो तोवर हाताने निघतो, वाळला की घण लागतो. तिथल्या तिथे वीट न् वीट उतरवली, धुऊन रचून ठेवली. आता वादळ उठेल. उठू दे.

तुझा,
दादा


शुक्रवार, ६ मार्च

ती. दादास,
प्रेमपूर्वक सलाम. वि. वि., गुडघ्याचं राहू दे, तू डोक्याचं सांग. पोराचा फोन आला होता. सोमवारपर्यंत दार बुजलं नाही तर पुढचं सगळं काम दुसऱ्या ठेकेदाराला, असं मालकांनी बजावलंय. पोरगं रडकुंडीला आलंय. मामाशी देव बोलतो, मग माझ्या मालकाशीही त्यालाच बोलायला सांगा, म्हणतो.

ह्यांचं म्हणणं, देवाचं मार्गदर्शन पारखून घ्यावं, रविवारी मंडळीत मांडावं, सगळ्यांनी मिळून प्रार्थना करावी, मग काय ते ठरवावं. मलाही पटतं. तू पहिल्यापासून असाच, दूध तापायच्या आधी फुंकर मारणारा. रागावू नकोस दादा. भिंत पुन्हा घाल. दाराचं पुढेमागे बघता येईल.

तुझी,
धाकटी


सोमवार, ९ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. दाजींना सांग, काल मंडळीत मांडलं. पाळकांनी माझ्यासाठी, भाच्यासाठी, मालकांसाठीही मन लावून प्रार्थना केली. गुडघ्यावरून उठलो तेव्हा आत शब्द तोच होता, नवा आला नाही. प्रभूने हाक मारली तेव्हा कोळ्यांनी जाळी होती तिथेच टाकली. आधी वाळवून घड्या घालत बसले असते, तर आज आपण कुणाच्या नावाने सलाम लिहिला असता?

आज सकाळी भाचा स्वतः विटा घेऊन आला. मी स्टूल टाकून उंबऱ्यातच बसलो. मामा उठा, म्हणाला. मी म्हटलं, माझ्याभोवती घाल भिंत, ओळंबा मी धरतो. तोही तुझाच हट्टी. माल कालवला, वीट उचलली, माझ्या पायाशी आणली. तेवढ्यात यंत्रं थांबली. बायका माना वर करून त्याच्याकडे बघत होत्या. त्याने वीट पाटीत टाकली आणि निघून गेला.

मालक ओरडून गेलेत, उद्या दुसरा गवंडी आणतो, पोलीस आणतो. आणू देत. दुपारी बायका ह्याच दाराने जेवायला बाहेर पडल्या, माझ्या डोक्यावरून डबे नेत, आजोबा अंग चोरा म्हणत. भाच्याचं काम जाईल, हे खरं. ते दुःख मी हलकं मानत नाही. माझ्या हातांना अजून काम मिळतं, त्यात आम्ही मामा-भाचे दोघे खाऊ. पण दार बुजणार नाही.

तू त्याला फोन कर. रागवायला नव्हे, वीट खाली ठेवली म्हणून शाबासकी द्यायला. दाजींना विचारून, रविवार बघून नको. हे पत्र हातात आहे तोवरच कर.

लोभ आहेच, आता तो जरा ताठ कण्याचा असू दे. उत्तर लवकर लिही. घरच्या पत्त्यावर नको. शिलाई कारखाना, मागचं दार, एवढं पुरे. मी तिथेच बसलोय.

तुझा,
दादा